सिरीजचा दिवा

"बाबा, मला ड्रोन हवाय. फोटो काढायचा नाही हं, रेसिंगचा."

लेकीनं हे जाहीर केलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. पंधराव्या वर्षी मुलं मागतात त्या गोष्टींची माझ्या डोक्यात एक यादी होती, मोबाइल, सायकल, फार तर गिटार. ड्रोन त्यात नव्हता. "परीक्षा संपू दे," हे आई-बापांचं ठेवणीतलं उत्तर देऊन मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. पण ती तयारीनिशी आली होती. २०१६ साली दुबईत ड्रोनची मोठी शर्यत झाली होती, ती जिंकणारा ल्यूक बॅनिस्टर हा इंग्लंडचा मुलगा पंधराच वर्षांचा होता आणि त्याच्या चमूला अडीच लाख डॉलर मिळाले होते. "माझ्याच वयाचा!" असं म्हणून तिनं माझ्याकडे असं काही बघितलं, की जणू त्या अडीच लाखांच्या आड मीच उभा होतो.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या ड्रोनच्या नाकावर एक छोटा कॅमेरा असतो. त्याचं चित्र त्याच क्षणी आपल्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये दिसतं. म्हणजे आपण जमिनीवर खुर्ची टाकून बसलेलो, पण डोळे मात्र ड्रोनमध्ये. यालाच 'एफपीव्ही' म्हणतात. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या सहज पुढे जातो. पहिल्यांदा नुसता व्हिडिओ बघूनच मला गरगरलं होतं.

बरं, तयार विकत आणावा तर तेही सरळ नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्याकडे परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांना मात्र मोकळीक राहिली. आणि शर्यतवाली मंडळी तसाही तयार ड्रोन घेत नाहीत. कारण साधं आहे. हा ड्रोन पडण्यासाठीच जन्माला येतो! दर पाच-सहा उड्डाणांनंतर काही ना काही तुटणार. ज्यानं जोडलाय त्यालाच तो दुरुस्त करता येतो. थोडक्यात, सुटे भाग आणायचे आणि घरी जोडायचे.

इथे माझी खरी पंचाईत झाली. मी सॉफ्टवेअरवाला. वयाची सत्तेचाळीस वर्षं झाली, पण हातात सोल्डरिंग गन कधी धरलेली नाही.

आणि ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते, कारण माझे वडील रेडिओ-टीव्ही मेकॅनिक होते.

अण्णांचं दुकान पेठेतल्या एका बोळात होतं. आठ बाय दहाचं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. उघडे टीव्ही, राळेचा वास, वर टांगलेला सिरीजचा दिवा. पण कशाला हात लावला की अण्णा ओरडायचे, "पुस्तक काढ! हे काम तुझं नाही." त्यांना मी इंजिनिअर व्हायला हवा होतो आणि झालोही. कॉलेजात पहिल्या वर्षी मित्र घरी आले होते. एकानं विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, "इलेक्ट्रॉनिक्सचा बिझनेस आहे." अण्णा पाण्याचे पेले घेऊन दारातच उभे होते. काही बोलले नाहीत. आजतागायत बोललेले नाहीत.

पुढे टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं लोकांना परवडू लागलं आणि २००४ साली दुकान बंद झालं. हत्यारं एका पत्र्याच्या पेटीत भरून माळ्यावर गेली. आता अण्णा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. चार वर्षांपासून कंपवात आहे. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो.

असो.

तर आम्ही बापलेक जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन सामानाची यादी करायला बसलो. अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून होते. सुरुवात मोटरपासून. मोटरवर आकडे असतात, २२०७ आणि १७५० केव्ही असे. मी मोठ्यानं वाचलं, तशी आरामखुर्चीतून आवाज आला.

"१७५० केव्ही? अरे, रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला पंचवीस केव्ही पुरतात. घर जाळायचंय का?"

लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग तिनं आजोबांना नीट समजावून सांगितलं. इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. दर व्होल्टला मोटर किती फेरे मारेल, तो हा आकडा, तोही पंखा न लावता. २२०७ म्हणजे आतल्या तारांच्या गाभ्याचा व्यास २२ मिलिमीटर आणि उंची ७. अण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं, "बॅटरी किती व्होल्टची?"

हा प्रश्न बरोबर होता, कारण मोटर आणि बॅटरी जोडीनंच निवडायची असते. या लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. चार सेलची बॅटरी १६.८ व्होल्टची, सहा सेलची २५.२ ची. चार सेलला साधारण २४५० केव्हीची मोटर लावतात, सहाला १७५० च्या आसपासची. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे मिनिटाला चाळीस-चव्वेचाळीस हजार फेरेच येतात. मग फरक काय? अण्णाच म्हणाले, "दाब जास्त तर करंट कमी. कोयनेची वीज हायटेन्शननं का आणतात?" तेवढीच ताकद कमी करंटमध्ये मिळाली की वायरी कमी तापतात आणि जोर लावल्यावर बॅटरीचा दाबही कमी कोसळतो. सहा सेलचा निकाल तिथेच लागला.

सांगाडा कार्बन फायबरचा, पाच इंची पंख्यांचा, हात ५ मिलिमीटर जाड. इथे नवशिका माणूस रंगरूपाला भुलतो. खरं बघायचं ते हे की एक हात तुटला तर तेवढाच सुटा मिळतो का. दुसरी गोष्ट म्हणजे मधली भोकं. इलेक्ट्रॉनिक पाट्यांच्या भोकांमधलं अंतर ३०.५ मिलिमीटर असतं नाहीतर २० मिलिमीटर. सांगाडा एक आणि पाटी दुसरी असं झालं तर दोन्ही हातात घेऊन बसायचं. आणि कार्बन फायबरमधून वीज वाहते! दिसायला प्लॅस्टिकसारखं, पण उघडी वायर टेकली की शॉर्ट.

पाट्या दोन. खालची चारही मोटरींना करंट पुरवते. बॅटरीचा सरळ प्रवाह घेऊन मोटरीच्या तीन वायरींना आळीपाळीनं देणं हे तिचं काम. आम्ही प्रत्येक मोटरीला ५५ अँपिअरवाली घेतली. वरची पाटी म्हणजे मेंदू. तिच्यावरचा गायरो ड्रोन किती कलला हे सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि त्याप्रमाणे मोटरींना हुकूम सुटतात. त्यात 'बीटाफ्लाइट' नावाची प्रणाली चालते. ती फुकट आणि खुली आहे. तिचं कूळ शोधत मागे गेलं तर 'मल्टिवी'पाशी पोचतो, आणि ते नाव आलं निन्टेंडोच्या 'वी' या व्हिडिओ गेमवरून. सुरुवातीला लोकांनी त्या खेळण्याच्या रिमोटमधले गायरो काढून ड्रोनला लावले होते! हे ऐकून अण्णा खूश झाले. "म्हणजे जुन्या मालातनं काढून वापरलं. आम्ही तेच करायचो."

खरी गंमत कॅमेऱ्याच्या वेळी आली. चित्र पाठवायचे दोन मार्ग आहेत, डिजिटल आणि ॲनालॉग. डिजिटलचं चित्र काचेसारखं स्वच्छ, पण महाग. ॲनालॉगचं चित्र आपल्या जुन्या टीव्हीसारखं. सारखं कसलं, तेच! कॅमेऱ्याला चक्क 'पॅल' आणि 'एनटीएससी' असे दोन पर्याय होते.

"पॅल," अण्णा ताबडतोब म्हणाले. "६२५ ओळी. आपल्याकडे पॅलच."

"पण आजोबा, एनटीएससी सेकंदाला साठदा चित्र बदलतं, पॅल पन्नासदा. शर्यतीत उशीर चालत नाही."

ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. चित्र पोचायला तीस मिलिसेकंद उशीर झाला तर तेवढ्यात ड्रोन ऐंशी सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. कमानीचा खांब चुकवायला तेवढं अंतर पुरतं किंवा मग पुरत नाही. अण्णांनी क्षणभर विचार केला. "ओळी कमी होतील, ५२५. पण वेग हवा असेल तर पोरीचं बरोबर आहे." आयुष्यभर पॅल दुरुस्त केलेल्या माणसानं एनटीएससीला हो म्हटलं. मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आम्ही ॲनालॉगच घेतलं. पैसे वाचले हे एक. दुसरं म्हणजे ॲनालॉग मरताना आधी सांगून मरतं. सिग्नल क्षीण झाला की चित्रात मुंग्या येतात, त्याच दूरदर्शनवाल्या मुंग्या. म्हणजे मागे फिरायला वेळ मिळतो. आणि त्याच चॅनेलवर दुसरा गॉगल लावून कोणालाही तेच चित्र बघता येतं. हे 'कोणालाही' आमच्या पुढे फार उपयोगी पडणार होतं.

अँटेनाबद्दलचं व्याख्यान अण्णांनीच दिलं. ज्या माणसानं निम्म्या पेठेच्या गच्च्यांवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवून दिल्यात, त्याला कोण अडवणार? इथला फरक एवढाच की लहरी गोल फिरत जातात, उजव्या किंवा डाव्या अंगानं. ड्रोनवरची आणि गॉगलवरची अँटेना एकाच अंगाची हवी. आणि अँटेना लावल्याशिवाय व्हिडिओच्या ट्रान्समीटरला वीज द्यायची नाही. बाहेर न गेलेली शक्ती त्यालाच भाजून काढते.

रिमोट आणि रिसीव्हर 'एक्स्प्रेसएलआरएस' प्रणालीचे, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले. आकडा बघून बायकोनं फक्त भुवया उंचावल्या. पण यातले निम्म्याच्या वर पैसे रिमोट, गॉगल, चार्जर आणि हत्यारं यांत आहेत आणि ते ड्रोनबरोबर जमिनीवर आपटत नाहीत. कोणी नव्यानं सुरू करणार असेल तर माझा सल्ला हाच. जे हातात राहणार त्यावर खर्च करा, जे तुटणार ते मध्यम घ्या. आणि सामान येईपर्यंत रिमोट कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर तासन् तास ड्रोन पाडून घ्या. तिथे पडायला पैसे लागत नाहीत.

आता हत्यारं. मी हळूच म्हणालो, "अण्णा, पेटी काढू का माळ्यावरची?"

"नको. गंजलं असेल सगळं."

मी विषय सोडला. दोन दिवसांनी ऑफिसातून आलो तर पेटी दिवाणखान्यात! लेकीनं स्टूल लावून काढली होती आणि अण्णा समोर बसून एकेक वस्तू फडक्यानं पुसत होते. पक्कड, चिमटे, सोल्डर सकर, राळेची डबी, मल्टिमीटर. गंज कशालाच नव्हता. प्रत्येक वस्तू तेलाचा हात देऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. २००४ च्या वर्तमानपत्रात.

त्यांची २५ वॅटची जुनी सोल्डरिंग गन मात्र चालली नाही. टीव्हीच्या पाटीला ती ठीक होती. बॅटरीच्या जाड वायरी आणि एक्सटी६० कनेक्टर सगळी उष्णता ओढून घेतात, डाग वितळतच नाही. मग ६५ वॅटची, तापमान ठरवता येणारी गन आणली, लॅपटॉपच्या यूएसबी-सी चार्जरवर चालणारी. अण्णांनी आधी "हे पेन आहे की गन?" म्हणून नाक मुरडलं. काही सेकंदांत ती तापलेली बघितल्यावर गप्प झाले. बाकी नव्यानं घेतलं ते एवढंच. दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे षट्कोनी स्क्रूड्रायव्हर, पंख्याच्या नटासाठी ८ मिलिमीटरचा पाना, स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट. हो, आणि मोटरीचे स्क्रू मापानंच घ्या. आमच्या ५ मिलिमीटर हाताला ८ मिलिमीटरचे लागले. मी आधी १० चे पिळायला निघालो होतो. ते आत मोटरीच्या तारांना जाऊन भिडले असते.

मग सलग सहा संध्याकाळी शाळा भरली. विद्यार्थी मी आणि लेक, मास्तर अण्णा. पहिले दोन दिवस जुन्या रेडिओच्या मोडक्या पाटीवर नुसता सराव. "आधी जागा तापव, मग सोल्डर दे. गनवर सोल्डर वितळवून वर थापू नकोस, ते काय शेण आहे?" "वायरीला आधी पाणी चढव, पाटीला चढव, मग दोघांना भेटव." "फुंकर मारू नको! आपोआप गार होऊ दे." त्यांना तो डाग नीट दिसत नव्हता, धरता तर येतच नव्हता. ते फक्त विचारायचे, "चमकतोय की राखाडी?" राखाडी म्हणजे ड्राय सोल्डर. पुन्हा करा.

लेकीचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला. तिसऱ्या दिवसापासून मोटरीच्या बाराही वायरी तिनंच जोडल्या. मला दिला तो बॅटरीच्या तोंडाशी बसवायचा कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. मोटरी एकदम थांबल्या की जे धक्के बसतात ते तो सोसतो.

सगळं जोडून झालं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. पंखे लावलेले नव्हते, कारण ते उडायच्या जागीच लावायचे. घरात लावले तर बोटं तुटतील. मी बॅटरी जोडायला पुढे झालो.

"थांब," अण्णा म्हणाले. "सिरीजचा दिवा कुठाय?"

दुकानात कुठलाही दुरुस्त केलेला सेट ते थेट प्लगमध्ये लावत नसत. मध्ये एक बल्ब सिरीजमध्ये असायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, सगळा करंट तोच रोखतो आणि सेट वाचतो. ड्रोनवाले याला 'स्मोक स्टॉपर' म्हणतात. अण्णांनी लेकीकडून ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्टचा बल्ब मागवून ठेवला होता आणि तिनं त्याला दोन बाजूंना कनेक्टरही लावले होते. मला पत्ताच नव्हता.

दिवा मध्ये घालून बॅटरी जोडली. सगळं ठीक असेल तर दिवा क्षणभर लुकलुकून विझायला हवा.

दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला.

"काढ!" मी झटक्यात बॅटरी ओढली. खोलीत कोणी बोलेना. अण्णांनी डोळे मिटले. "कपॅसिटरवर पांढरी पट्टी असते. ती कुठल्या वायरीकडे आहे?"

मी बघितलं. तांबड्या. पट्टी म्हणजे ऋण बाजू, ती काळ्या वायरीला हवी. मी उलटा जोडला होता. मध्ये दिवा नसता तर तो फटाक्यासारखा फुटला असता, माझ्या तोंडापासून एक वीत अंतरावर, आणि पाट्यांचं काय झालं असतं देव जाणे.

"पोरानं पुस्तकं वाचली," अण्णा लेकीला म्हणाले, "पण मीच त्याला पट्टी दाखवली नाही कधी. चूक माझी."

"नाही अण्णा," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी जवळजवळ तीस वर्षं जुळवतोय. तेव्हाही ते आलं नाही. मी मान खाली घालून कपॅसिटर उतरवला, नवा घेतला, पट्टी काळ्याकडे करून जोडला. "चमकतोय?" त्यांनी विचारलं. चमकत होता. या वेळी दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. चारही मोटरींनी पीं-पीं-पीं असा सूर काढला.

उडवायला आम्ही फलटणकडे मामेभावाच्या रानात गेलो. ज्वारी निघालेली, रान मोकळं, सरकारी नकाशात हिरवा विभाग. अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन 'मायक्रो'त मोडतो, त्याच्या कागदपत्रांचा किस्सा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. बांबूच्या दोन कमानी उभ्या केल्या. गॉगल लावणाऱ्याशेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवणारा माणूस लागतोच. ते काम माझं. आणि मित्राकडून मागून आणलेला दुसरा गॉगल खुर्चीत बसलेल्या अण्णांच्या डोळ्यांवर, त्याच चॅनेलवर.

ड्रोन उठला. पहिल्या कमानीतून गेला. दुसरी चुकली, बांधावरून पुढे विहिरीकडे निघाला.

"मुंग्या!" अण्णा ओरडले. "मुंग्या आल्या, वळव माघारी!"

तिनं वळवला. तीन मिनिटांत बॅटरी संपत आली आणि ड्रोन बाभळीला अडकून पडला. एक पंखा तुटला, एका मोटरीची वायर तुटली. बांधावर जमलेल्या पोरांपैकी एकानं विचारलं, "ताई, हा कुठं मिळतो?"

"मिळत नाही, घरी बनवलाय," ती म्हणाली. "माझे आजोबा मेकॅनिक आहेत."

अण्णांनी गॉगल कपाळावर सरकवला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. "आहेत," मी त्या पोराला म्हणालो. "टीव्ही मेकॅनिक. पेठेत दुकान होतं त्यांचं." माझा आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण मामेभावानं वळून बघितलं.

अण्णा काही बोलले नाहीत. तुटलेली वायर हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली. हात थरथरत होता, म्हणून मी खालून धरला.

"डाग पक्का आहे," ते म्हणाले. "वायर तुटली, डाग नाही सुटला."

पेटी आता माळ्यावर जात नाही, दिवाणखान्यातच असते. येत्या रविवारी मोटर जोडायचीय. या वेळी तो डाग मी मारणार, असं मास्तरांनी ठरवलंय :)